लोखंडाचं पान कोणाचं

तुमच्या भट्टीतली तेलाची बाटली मी चोरली होती. मांजरीनं पाडली असं मी सांगितलं, तुम्ही मान हलवली आणि मांजरीला काहीच बोलला नाहीत, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मी स्वतःला भलतीच हुशार समजत होते.

त्या वेळी वकील-डॉक्टरांचे बंगले उठत होते आणि प्रत्येकाला फाटकावर लोखंडी दिवा हवा होता. दिवे बाकीचे लोहारही करत, पण तुमच्या दिव्यावर जो काळा रंग चढायचा तो अमरावतीत दुसऱ्या कोणाला साधत नव्हता. डांबर नाही, पेंट नाही. दिवा जोडून झाला, लोखंड अजून गरम असलं, की तुम्ही मला म्हणायचे, "जाय व, चहा टाक." मी चहा घेऊन येईस्तोवर दिवा नुकत्या धुतलेल्या म्हशीसारखा काळा आणि तुकतुकीत. मी ताडलं, गुपित त्या भात्यामागच्या बाटलीत आहे. दिवाळीला माहेरी अकोल्याला निघाले, तेव्हा ती पातळाच्या घडीत घालून नेली.

जठारपेठेत आमच्या बाबांची भट्टी. धाकटा भाऊ सुदाम तेव्हा नुकता हातोडा धरायला लागला होता. एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यासाठी त्यानं दिवा केला होता. मी मोठ्या थाटात बाटली काढून दिली आणि त्यानं गरम दिव्याला ते तेल रगडून रगडून लावलं. रंग बरा आला. मग दिवा टांगला, बल्ब तापला, आणि व्हरांडाभर लसूण, ओवा आणि कापराचा वास सुटला. किडे येऊन चिकटले ते निघेनात. डॉक्टर म्हणे बाकावरच्या एकेका म्हाताऱ्याला विचारत होते, गुडघ्याला काय चोळून आलात. सासूबाई तुमच्या घण मारून दुखणाऱ्या खांद्यासाठी जे तेल उकळायच्या, ते मी चोरलं होतं आणि त्यात माहेरचं नाव बुडवलं होतं.

मला न्यायला तुम्ही आलात. बाबांच्या भट्टीच्या दारातच थांबून एक मोठा श्वास घेतलात आणि इतकंच विचारलंत, "खांदा दुखते काय, सुदामभाऊ?"

त्यावर मी हसले नाही. मला वाटलं, हा माणूस आपल्याला जाळ्यात घेतोय. आता त्या पोरीचं हसू येतं. नवरा तिची चोरी पोटात घालून बसला होता आणि ही त्याच्यावरच पाळत ठेवत होती.

ही गंमत झाली. आता कामाचं सांगते. तुम्ही गेलात त्याला अजून महिना व्हायचा आहे, आणि मोर्शीचा दिवा भट्टीत अर्धा टांगलेला आहे. संत्र्याच्या बागायतदाराचं नवं घर, दिवाणखान्यात मधोमध लोखंडी झुंबर, त्याला संत्र्याच्या झाडासारख्या फांद्या आणि फांद्यांना पानं. फांद्या तुम्ही करून ठेवल्यात. पानं व्हायची आहेत. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सून आली, हातात मोबाइल. आपल्या दिव्यांचे फोटो टाकून ऑर्डरी घेते ती, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाली, "आई, मोर्शीवाले विचारतात, पानं होतील का? नाहीतर ते बाहेरून तयार झुंबर आणतात. काय सांगू?"

प्रश्न साधा होता. मी उगाच पदर सारखा करत बसले. कारण त्या दिव्यांवर लागायची ती पानं तुमची होती की माझी, हे मला आयुष्यभरात कधी कळलेलं नाही. तुमची असतील तर भट्टी तुमच्याबरोबर विझली. माझी असतील तर मी अजून आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, तूच तर पानं करायची. करत होते. पान माझ्या माहेरचं. बाबांच्या बापानं माणसं बसायच्या बैलगाडीच्या, दमणीच्या लोखंडाला ते लावायला सुरुवात केली. टोक बारीक, देठ सडपातळ, मधली शीर अशी उठलेली की बोट फिरवलं तर खऱ्या पानाची वाटावी. सासरी निघताना बाबांनी माझ्या हातात छोटा हातोडा दिला आणि सांगितलं, "पान घेऊन जाय, पन कोनाले दाखवजो नको." आमच्या घरात पान करताना रस्त्याकडे पाठ करायची रीत होती. मी तुमच्याकडे पाठ केली.

सारा जन्म केली. तुम्ही ऐरणीवर, मी कोपऱ्यात बाभळीच्या ओंडक्याशी, भिंतीकडे तोंड करून. तुम्ही पाण्याची बादली घ्यायला माझ्या बाजूनं आलात तरी मी पदर पसरायची. तापलेल्या पानावर पदर. माझ्या किती लुगड्यांचे काठ जळले, ते पाहून शेजारणींना वाटायचं, लोहाराच्या घरी बाईचे फार हाल आहेत. हाल माझ्या संशयानं केले होते. तुम्ही बिचारे लांबून जायचे. किंवा मला तेव्हा वाटलं की लांबून जातात. आता तेवढीही खात्री नाही.

तर पानं मी करून ठेवायची, तुम्ही ती फांद्यांना जोडायची, आणि मग, जाय व, चहा टाक. भट्टीमागंच घर. चूल पेटवता पेटवता मी कान देऊन बसायची. तेल लावायला काही आवाज होत नाही. पण मला आवाज यायचा. ऐरणीवरचा खणखणीत नाही. लाकडावरचा, दबका, बारीक हातोड्याचा. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. पानाचा आवाज.

दुसऱ्या दिवशी दिवा पाहावा तर पानं निराळी वाटायची. कुठं जास्त झुकलेली, कुठं जास्त भरलेली. एकदा मी एका पानाच्या देठामागं छिन्नीनं बारीक खूण करून ठेवली. सकाळी पाहिलं, खूण नाही. भंगाराचा ढीग उपसला, म्हटलं माझी काढून टाकलेली पानं तरी सापडतील. तीही नाहीत. मनानं निकाल देऊन टाकला. आमच्या मिस्तरींना, म्हणजे तुम्हाला, माझं पान पसंत नाही. तोंडावर बोलत नाहीत, माझी पाठ वळली की स्वतःचं करून लावतात आणि माझं भट्टीत घालून त्याचे खिळे करतात.

आणि त्यात तुमचं ते अकोल्याला जाणं. "कोळसा पाहून येतो," म्हणायचे. कोळसा अमरावतीत मिळत नव्हता काय? पिशवी घेऊन जायचे, जाताना जड असायची, येताना रिकामी, आणि कोळसा कधी आला नाही. काही वर्षं मला असंही वाटलं की अकोल्यात तुमचं कोणी आहे. मी तुमच्या सदऱ्याचा वास घ्यायची. बिडीचा वास, कोळशाचा वास. दुसरा एखादा असता तर निदान भांडायला काहीतरी मिळालं असतं.

राजापेठेतल्या त्या वकीलसाहेबांचं फाटक आठवतं? दिवे बसवून झाले होते, दोघं खाली उभे होतो. वकीलसाहेब मान वर करून म्हणाले, "मिस्तरी, पानं काय केलीत हो. वाऱ्यानं हलतील असं वाटतं." तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, मग चपलेकडे. त्या पाहण्याचा अर्थ मी घरी येईस्तोवर शंभर तऱ्हांनी लावला, आणि शेवटी जो लावला तो असा: कीव केली माझी.

रात्री जेवताना मी विचारलं, "त्या दिव्याची पानं कोनाची व्हती?"

"दिव्याची."

"तुमची का माही, ते इचारून राहिली मी."

"भाजीत मीठ कमी हाय."

"मीठ नाई इचारलं."

"मंग वाढ ना थोडं."

हे भांडण तिथंच राहिलं. पुढं किती वेळा काढलं, तुम्ही दर वेळी त्याला मीठ, पाऊस, लाइटचं बिल नाहीतर शेजारचे ट्यूशन क्लासेस लावले. तिथल्या सरांनी परीक्षा आहे म्हणून दोन तास ठोकाठोकी बंद ठेवा असं सांगितलं, तेव्हा तुम्ही एका शब्दात हो म्हणालात. त्यांना उत्तर मिळालं, मला नाही.

न बोलणं तुम्हाला छान जमायचं, आणि खरं सांगते, मलाही त्यात गोडी वाटायची. मोठं काम असलं की मी घण धरायची. तुमचा लहान हातोडा जिथं टेकायचा तिथं माझा घण पडायचा. हलका टेकला तर हलका, तिरका टेकला तर तिरका. ऐरणीच्या शिंगावर दोनदा वाजला की थांब. घरात अबोला असला तरी भट्टीत आपलं ठीक चालायचं; कित्येकदा तर अबोल्यातच काम सरस व्हायचं. चूक झाली तर तुम्ही कधी ओरडला नाहीत, नुसतं लोखंड परत भट्टीत सारायचे. इतर मिस्तरींच्या बायका भाता ओढायच्या आणि शिव्या खायच्या. मी घण मारला आणि शिवी कधी खाल्ली नाही. हे तुम्ही असताना तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, कारण मला वाटायचं, हा माणूस काहीतरी लपवतोय, याला आधीच कशाला चढवून ठेवा.

आता तुमच्या त्या काळ्या रंगाचं ऐका. तेरवीनंतर मी सुनेला म्हटलं, तुझ्या सासऱ्यांचं गुपित त्यांच्याबरोबर गेलं. तिनं मोबाइलवर बोट फिरवलं आणि मला वाचून दाखवलं: लोखंड गरम असताना जवसाचं तेल चिंधीनं लावा. संपलं. आपल्या घरात जवसाचं तेल कायम असायचं, मी त्यात चटणी कालवत बसले. सुनेला वाटलं मला वाईट वाटलं असेल. मला वाईट नाही वाटलं, मला नवीन शंका आली. चिंधीनं तेल लावण्यासारख्या कामाला कोणी बायकोला जन्मभर चहा करायला पाठवत नाही. म्हणजे तेल हे निमित्त होतं. दुसरंच काही चाललेलं होतं, आणि ते काय, तर तोच लाकडावरचा दबका आवाज.

म्हणून परवा मी एक पान केलं. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा भट्टी पेटवली. पाठ वळवायला समोर कोणी नव्हतं तरी सवयीनं भिंतीकडेच तोंड केलं. पान झालं. ते घेऊन आपल्या ओसरीवरच्या जुन्या दिव्यापाशी गेले, स्टुलावर चढले, सून खालून "आई, पडाल" म्हणत राहिली. दोन्ही पानं जवळजवळ धरली. सारखी दिसली. पण मला सारखी दिसणारच. मला ती सारखी दिसायला हवी होती. सून म्हणाली, "एकच आहे आई, अगदी सेम." तिला मोर्शीची ऑर्डर हवी आहे. तिचं म्हणणं मी कसं धरू?

इतकं झाल्यावर सुदामाकडे माझं लक्ष गेलं. खरं तर आधीच जायला हवं होतं. तुमच्या तेरवीला तो जरा जास्तच रडला. मेहुणा म्हणून रडावं, पण त्याला हुंदके आवरेनात, आणि मी समोर गेले की तो तोंड फिरवून पाण्याचा ग्लास मागायचा. हा मुलगा लहानपणी गूळ चोरून खायचा तेव्हा असाच पाणी मागायचा. आता म्हातारा झाला, जठारपेठेतली भट्टी बंद करून तिथं मुलाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढून दिलं, पण पाणी मागायची खोड गेली नाही. तेव्हा घरात माणसं होती म्हणून सोडला. काल तो पुन्हा आला, माझी विचारपूस करायला. मी त्याला घरात बसवलंच नाही, सरळ भट्टीत नेलं, मोर्शीच्या झुंबराखाली.

"सुदाम, तुले भाऊजींबद्दल काय माहीत हाय ते सांग."

"काय माहीत राहीन, बाई. देवमानूस व्हते."

"देवमानसाचं नको सांगू. पिशवीत भरून अकोल्याले काय नेत ते सांग."

त्यानं वर झुंबराकडे पाहिलं, मग भात्याकडे, मग दाराकडे. पळून जाईल असं वाटलं म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले.

"पानं," तो म्हणाला.

"माही?"

"नाई व बाई. त्याईची. तू चहा टाकाले गेली का ते बसत पान कराले. बिघडलं का पिशवीत टाकत. पिशवी भरली का येत माह्याकडं. म्हनत, पाह्य बरं सुदाम, कुठी चुकून राहिलं. कायचं पान, वाटी होये त्याची. कवा चमचा."

"मंग दिव्याले कोनती लागत?"

"तुही. दुसरी व्हती कोनती? बिघडलेली का वकिलाच्या फाटकावर लावतीन?"

  तुमच्याही लक्षात येतंय का, अहो, काय झालं ते? मी तुमचं गुपित चोरायला निघाले आणि खांद्याचं तेल घेऊन आले. तुम्ही माझं चोरायला बसलात आणि जन्मभर वाट्या केल्या. आणि मी तिकडे चुलीपाशी कान देऊन रडत होते, की माझं पान पसंत नाही. देठ तुम्ही भट्टीत लाल करून, ठोकून फांदीला जोडायचे. छिन्नीची खूण त्यात राहीलच कशी, हे लोहाराच्या मुलीला आणि लोहाराच्या बायकोला सुचलं नाही. पानं निराळी दिसायची, कारण फांदीवर बसवताना तुम्ही ती वळवायचे. वकीलसाहेबांच्या फाटकाखाली तुम्ही चपलेकडे पाहिलंत, ती कीव नव्हती. तुम्हाला लाज वाटत होती. कौतुक माझं होतं आणि ते तुमच्या नावावर पडलं होतं.

पण मग तिथंच का नाही बोललात? "पानं हिची आहेत," तीन शब्द. वकीलसाहेब काय फाटक परत करणार होते? इतकी वर्षं ते तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत, आणि सुदामाकडून मात्र तुम्ही शिकायला तयार होतात. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं का, हे विचारू नका. सांगितलं नसतं. निदान पहिली काही वर्षं. मग एखाद्या दिवशी तुमचा खांदा जास्त दुखत असता, तेव्हा सांगितलं असतं. तुम्ही विचारून पाहायला पाहिजे होतं.

सुनेला हाक मारली आणि म्हटलं, मोर्शीला फोन लाव, पानं होतील म्हणावं. ती लगेच "बघा, मी म्हटलं नव्हतं का" म्हणाली. तिला म्हटलं, आणि त्यांना हेही सांग की पानं करणारी म्हातारी आहे, घाई करायची नाही. ओसरीवरच्या दिव्याखालून ती गेली तेव्हा मी त्या दिव्याकडे पाहिलं. आता तो निराळा दिसत होता. छान होता हो. आपला दोघांचा होता. फांदी कुठं संपते आणि पान कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि ते कळू न देणं ही तुमची कारागिरी होती. ती मला कधीच आली नसती.

मग मी सुदामाला चहा दिला. तो पीत असताना माझ्या डोक्यात पुन्हा वळवळायला लागलं. तुमचा हात काही साधा नव्हता. जो माणूस ऐरणीवर केसाएवढी वेल वळवायचा, त्याला पान साधू नये? एक-दोनदा बिघडेल, दहादा बिघडेल. जन्मभर? आणि तेही सुदाम सांगत असताना? सुदामाला तर पान येतं, आम्ही दोघं एकाच ओंडक्यावर शिकलो. मी त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले. त्यानं पाणी मागितलं.

"सुदाम, तू त्याईले काय शिकवत व्हता?"

पाणी आणलं नाही. तो उठला, चपला पायात सरकवल्या, आणि दारातून बाहेर पडताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "उलटं सांगे मी, बाई, दर खेपेले. त्याईले पान जमलं असतं, तं तुले भट्टीपाशी कोनं बसू देलं असतं?"